नऊ रेषा आणि बाबांचा गुडघा

बाबांनी अकरा वर्षं लोकांना डोंगरातल्या त्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापर्यंत नेऊन सोडलं आणि स्वतः एकदाही आत गेले नाहीत. लिहिताना मलाच खोटं वाटतंय, पण शंभर टक्के खरं आहे. सव्वाआठची गाडी डेपोतून सुटायची, बाराच्या सुमाराला फाटकाशी पोचायची आणि तिथे वीस मिनिटं थांबायची. त्या वीस मिनिटांत बाबा चहा प्यायचे, टायरांना एकेक लाथ घालून बघायचे आणि गाडी वळवायचे. परतीला उद्यानातून आलेली माणसं चढायची, नाकं भाजलेली, बूट चिखलात माखलेले. त्या प्रत्येकाला बाबांचा एकच प्रश्न असायचा.

"काय हो, तळं कसं होतं?"

कारण आत, वर डोंगरात, एक तळं आहे. ते बघायलाच सगळे जातात. कोणी म्हणायचं हिरवं, कोणी म्हणायचं पार काळं. एक आजीबाई म्हणाल्या होत्या, "गार." एका छोट्या मुलाने सांगितलं होतं, "तिथे एक मासा होता आणि तो माझ्याकडेच बघत होता." बाबा ही उत्तरं रात्री जेवताना आम्हाला सांगायचे, त्यामुळे आमच्या घरात त्या तळ्याचा रंग रोज बदलायचा.

मग दीड वर्षापूर्वी बाबा डेपोतल्या खड्ड्यात पडले. गाडीच्या पोटाखाली शिरून दुरुस्ती करायला जो लांब खड्डा असतो, तोच. उजव्या गुडघ्यात एक पट्टी आणि चार स्क्रू बसले. आल्यागेल्याला बाबा त्या स्क्रूंची ओळख करून द्यायचे: "पहिला आणि दुसरा गुणी आहेत, चौथ्याचं काही कळत नाही, पण तिसरा नुसता कुरकुरतो." गाडी सुटली ती सुटलीच. आता ते डेपोच्या चौकशीच्या खिडकीत बसतात आणि दुसऱ्यांच्या गाड्यांच्या वेळा सांगतात.

स्क्रूंचं एवढं वाईट नव्हतं. वाईट होतं ते एक वाक्य. जिना दिसला, चढ दिसला, उंच ओटा दिसला, की बाबा म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे, मी सामान सांभाळतो."

लग्नाचा हॉल दुसऱ्या मजल्यावर, मी सामान सांभाळतो. दादाचं कॉलेज टेकडीवर, मी सामान सांभाळतो. आणि माझ्या भूगोलाच्या प्रकल्पाचं सादरीकरण, जे शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात झालं, आणि जिथे मी पाच मिनिटांच्या जागी अकरा मिनिटं बोलले आणि तरी कोणी खाली बस म्हणालं नाही, तेव्हाही बाबा खाली झाडाखाली दोन हेल्मेटं आणि माझं दप्तर घेऊन बसले होते.

"ऐकू आलं का काही?" मी धावत खाली येऊन विचारलं होतं.

"टाळ्या ऐकू आल्या," बाबा म्हणाले. "तुझ्याच असणार."

मला सांगायलाच हवं, की त्याच्या आधीपर्यंत मी वर्गात हात वर करायचे तो फक्त बाथरूमला जाऊ का विचारायला. दादा मला "म्यूट" म्हणायचा. त्या अकरा मिनिटांनंतर माझं काय झालं कोण जाणे, कोणीतरी बटण दाबलं आणि ते तसंच अडकून राहिलं. आता दादा मला "मोजणीदारबाई" म्हणतो. प्रकल्प नकाशांचा होता, म्हणून.

तर या वेळी सुट्टी लागायच्या तोंडावर चमत्कार झाला. दादाची परीक्षा संपलेली, आईची गणवेश शिवायची गर्दी ओसरलेली, आणि बाबांची चार दिवसांची रजा मंजूर! असं आमच्याकडे कधी होत नाही. दादा म्हणाला, "तळ्याला जाऊ या." फोनवर बोट फिरवून त्याने जाहीरही केलं, "मुख्य फाटकापासून चार किलोमीटर, एक तास दहा मिनिटं. किस झाड की पत्ती!"

"जाऊ की," बाबा म्हणाले. "फाटकाजवळ चांगला बाक आहे. मी तिथे सामान सांभाळतो."

आई शिवणयंत्रावर होती. तिचं पाऊल थांबलं. यंत्र थांबलं की आमच्या घरात एकदम शांत होतं, म्हणून सगळ्यांना कळलं.

मी त्याच क्षणी ठरवलं. या वेळी सामान बेवारस पडलं तरी चालेल.

पहिली गोष्ट म्हणजे मी व्यायामाच्या ताईंना गाठलं. बाबांच्या गुडघ्याचा व्यायाम त्या करून घेतात. मी विचारलं, "ताई, बाबा डोंगरावर चढू शकतील का?" त्या म्हणाल्या, "डोंगर म्हणजे काय? आकडा सांग." मला त्या फार आवडल्या. मग त्यांनीच आकडा दिला. चालणं कितीही, पण थांबत थांबत. चढ मात्र दिवसाला दोनशे मीटरच्या आत, एक मीटरही जास्त नको, आणि पायऱ्यापायऱ्यांची खडी वाट अजिबात नको.

दोनशे मीटर. फोन किती लांब ते सांगतो, पण आत दडलेला चढ नाही सांगत. चढासाठी समोच्च रेषा लागतात आणि त्या कुठे असतात हे घरात फक्त मला माहीत होतं.

भूगोलाच्या बाईंनी कपाटातून त्या भागाच्या नकाशाचे दोन कागद काढून दिले. उद्यान नेमकं दोन कागदांत विभागलेलं होतं. एक कागद नवा, करकरीत, त्यात तळं आणि मुख्य फाटक. दुसरा तीस वर्षांपूर्वीचा, घड्यांवर विरलेला, त्यात डोंगराची मागची बाजू. "घरी न्यायचे नाहीत आणि वर काही लिहायचं नाही," बाई म्हणाल्या. म्हणून मी आईकडून बटर पेपर आणला, ज्यावर ती मापं उतरवते, आणि दोन मधल्या सुट्ट्यांत दोन्ही कागदांवरच्या रेषा छापून घेतल्या. डबा खाल्ला नाही. समासातली बारीक अक्षरं तर सोडूनच दिली. डोंगर उतरवायला वेळ पुरत नव्हता, समास कोण उतरवणार!

घरी येऊन आईच्या कापायच्या टेबलावर मी दोन्ही तुकडे शेजारी ठेवले आणि चिकटपट्टीने जोडले. बाबा चहाचा कप ठेवायला जागा शोधत होते.

"हे काय, बोटांचे ठसे घेतलेस की काय डोंगराचे?"

"बाबा, या समोच्च रेषा. एका रेषेवरची सगळी ठिकाणं एकाच उंचीवर. समजा गाडी रेषेला धरून चालली, तर ना चढ ना उतार. आणि रेषा ओलांडली, तर एक पायरी वर किंवा खाली."

बाबांनी कप हातातच ठेवला. "म्हणजे रेषेला धरून गेलं की टॉप गिअर. रेषा कापली की दुसरा टाकायचा."

"हो!"

"आणि इथे, जिथे सगळ्या एकमेकींना चिकटल्यात?"

"तिथे पहिला."

"पहिला नाही, तिथे कंडक्टरला खाली उतरवून चाकाला दगड लावायला सांगायचं," बाबा म्हणाले आणि कप नकाशावरच ठेवला. सांगते, मला भूगोलाचा एक धडा समजायला तीन दिवस लागले होते. यांना अर्धं मिनिट.

मग आम्ही दादाच्या वाटेवरच्या रेषा मोजल्या. मुख्य फाटक ते तळं, सव्वीस. एका रेषेचे वीस मीटर, म्हणजे पाचशे वीस. दादाचा फोन त्याच्याकडे बघत राहिला आणि तो फोनकडे.

"एक तास दहा मिनिटं," मी म्हटलं. "कोणाला? बोकडाला?"

"जास्त शहाणपणा नको, मोजणीदारबाई. दुसरी वाट दाखव."

दुसरी वाट होती! जुन्या कागदावर, मागच्या बाजूने, एक तुटक रेघ. घाटरस्त्याच्या माथ्याजवळच्या एका फाटकापासून निघून ती डोंगराच्या कुशीकुशीने, जवळजवळ रेषांना धरून, लांबलचक वळसा घालत नव्या कागदावर यायची आणि तळ्याशी पोचायची. जुनी गाडीवाट. दादाच्या फोनवर त्या जागी नुसता हिरवा रंग होता.

"ते फाटक?" बाबा चष्मा वर करून वाकले. "त्या वळणावर अकरा वर्षं हॉर्न वाजवलाय मी. मला वाटायचं लाकडांची वखार आहे."

वाट वाकडीतिकडी होती, पट्टीने कशी मोजणार? आईने रिळातून लाल दोरा तोडून दिला. मी तो वाटेवर वळणावळणाने ठेवला, मग सरळ करून मोजला. नऊ किलोमीटर. मग श्वास रोखून रेषा मोजल्या. जुन्या कागदावर पाच, नव्यावर चार. नऊ रेषा. नऊ वीसे एकशे ऐंशी.

"एकशे ऐंशी!" मी एवढ्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरच्यांनी खुर्ची सरकवली. "बाबा, दोनशेच्या आत! वीस मीटर शिल्लक!"

बाबांनी पुन्हा मोजल्या. जाड बोट, कडेने काळं झालेलं नख, एकेका रेषेवर थांबत. नऊच. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला आणि म्हणाले, "बुटांना तळवे घालून घ्यायला हवेत."

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खिडकीत जो येईल त्याला गाडीच्या वेळेबरोबर फुकटात समोच्च रेषाही मिळत होत्या. दादा स्वतः ऐकून आला. कोणीतरी विचारलं साडेदहाची कधी सुटते, तर बाबा म्हणाले, "साडेदहाला. आणि काय हो, एकशे ऐंशी मीटर म्हणजे किती, माहीत आहे का?"

जुन्या फाटकातून जायला परवानगी लागते. दिवसाला वीसच माणसं. अर्जात तारखा, वाट, मुक्काम, सगळं लिहायचं. एकदा शिक्का बसला की बदल नाही. वन कार्यालयाची खिडकी शुक्रवारी चारला बंद होणार होती, ती आमची रजा संपल्यावरच परत उघडणार. बुधवारी संध्याकाळी मी माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात अर्ज भरला. मुक्काम या रकान्यात लिहिलं, "नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परत."

शाई वाळत होती तेव्हा आई टेबलापाशी आली. तिला चौकडीचा शर्ट कापायचा होता आणि टेबलावर डोंगर पसरला होता. तिने तो उचलायला हात घातला आणि तशीच थांबली.

"ही जोडणी चुकलीय गं."

"कुठे? बरोबर आहे. ओढा बघ, इकडून तिकडे सरळ गेलाय. रस्तापण."

"ओढा जुळलाय. रेषा जुळत नाहीत." तिने नखाने चिकटपट्टीवरून खूण केली. "या बाजूने बघ, किती येतात. वीस. पलीकडे मोज. दहाच. मधल्या दहा कुठे गेल्या, शिलाईत गिळल्या?"

"आई, हे कापड नाहीये."

माझा आवाज जरा चढला होता. बटण अडकलेलं असलं की असं होतं. आईने शर्टाचा पुढचा भाग आणि खिसा उचलला, खिसा जागेवर ठेवला आणि एक बोट सरकवलं. चौकड्या लगेच मोडलेल्या दिसल्या. परत सरकवला, चौकड्या अशा मिळाल्या की खिसा दिसेनासा झाला.

"एवढीशी चूक असेल तर मी उसवते," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण मला दिसते. तुझं तू बघ."

मी बघितलं नाही. जेवताना घास फिरत राहिला. एकीसोडून एक. वीसच्या दहा. रात्री झोपेतसुद्धा मी रेषाच मोजत होते आणि दर वेळी दुसरी रेषा चिकटपट्टीखाली जाऊन गायब होत होती.

गुरुवारी शाळा उघडायच्या आधीच मी भूगोलाच्या बाईंच्या कपाटासमोर उभी होते. जुना कागद उलगडला आणि या वेळी डोंगराकडे बघितलंच नाही, समास बघितला. खाली उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात: दोन रेषांमधील उंचीचे अंतर, चाळीस मीटर. नव्या कागदावर, त्याच जागी: वीस मीटर.

मी समास सोडला होता, आणि सगळं समासात होतं.

जुन्या कागदावरच्या पाच रेषा, पाच चाळीसे दोनशे. नव्यावरच्या चार, ऐंशी. दोनशे ऐंशी मीटर. बाबांच्या गुडघ्यापेक्षा ऐंशी मीटर जास्त.

"रडतेस काय?" बाई म्हणाल्या. "आत्ता कळलं ना? काही जण वर गेल्यावर कळून घेतात."

"पण मी बाबांना सांगितलंय."

"मग परत सांग," त्या म्हणाल्या, जणू ही अगदी साधी गोष्ट आहे.

त्या दिवशी मी शाळेतून घरी चालत आले, मुद्दाम लांबच्या रस्त्याने. सांगितलं नाही तर? ऐंशी मीटर कोणाला कळणार आहेत? हा विचार मनात आला, खोटं कशाला बोलू. मग डोळ्यांसमोर बाबा आले, डोंगराच्या मध्येच, ना वर ना खाली, गुडघा धरून दगडावर बसलेले, आणि आम्हाला म्हणताहेत, तुम्ही व्हा पुढे. मी पळतच घरी गेले.

बाबा दारातच होते. नवे तळवे घातलेले बूट घालून घरातल्या घरात फेऱ्या मारत होते.

"बाबा, माझं चुकलं."

मी सगळं सांगितलं, एका दमात, उभ्याउभ्या, दप्तर पाठीवरच. बाबा ऐकत ऐकत खुर्चीवर बसले. मग खाली वाकून एका बुटाची नाडी सोडली. मग दुसऱ्याची.

"हरकत नाही गं," ते म्हणाले. आवाज अगदी चांगला होता, तेच वाईट होतं. "दोन रेषांमध्ये एवढा फरक असेल असं मलाही नसतं वाटलं. तुम्ही मुख्य वाटेने जा. फाटकाजवळ बाक आहे, मी..."

"अहो, थांबा," आई म्हणाली. ती यंत्रावरून उठली नव्हती, मान वळवली होती फक्त. "त्या ताई काय म्हणाल्या, दोनशे किती वेळात?"

"दिवसाला," मी म्हटलं.

"रजा किती दिवस?"

"चार."

"मग एकाच दिवसात का कोंबताय सगळं? एका तुकड्यात बसत नाही तर दोन तुकडे करा की. मी काय रोज एका पट्टीत शर्ट शिवते?"

आणि तिचं पाऊल परत यंत्रावर चालू झालं.

"झोपायचं कुठे पण?" दादा म्हणाला. "अस्वलाच्या शेजारी?"

मी आधीच टेबलावर चढले होते. खरंच, गुडघे टेकून, नकाशाच्या वर. जुन्या कागदावरच्या वाटेला चौथ्या रेषेच्या जरा पुढे एक काळा ठिपका होता, नीट चौकोनी. छापून घेताना मला वाटलं होतं कागदावरचा डाग असेल, तरी मी तो इमानदारीत उतरवला होता. आज समास वाचला तेव्हा खुणांच्या यादीत तोच चौकोन होता: वनकुटी.

"इथे! चार चाळीसे एकशे साठ. पहिला दिवस एकशे साठ, मुक्काम. दुसऱ्या दिवशी उरलेले एकशे वीस, तळं, परत कुटीत. तिसऱ्या दिवशी खाली. एकही दिवस दोनशेच्या वर जात नाही!"

"तीस वर्षांपूर्वीची कुटी," दादा म्हणाला. "आता तिथे दोन विटा असतील."

तो चिडवत नव्हता, त्याचा चेहराच पडला होता. फोनवर तिथे अजूनही हिरवं होतं, त्याने तीनदा मोठं करून बघितलं.

मग बाबा उठले. एका पायात बूट, एका पायात मोजा, तसेच लंगडत फोनपाशी गेले आणि एक नंबर लावला. पाठ होता. दीड वर्षात एकदाही लावला नव्हता.

"हॅलो? फाटक का? ... ओळखलंस का? अरे, सव्वाआठ बोलतोय."

पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की आम्हाला तो खोलीच्या या टोकाला ऐकू आला. "सव्वाआठ! जिवंत आहेस होय! तुझी गाडी तो पोरगा चालवतो आता, वळणावर हॉर्नसुद्धा देत नाही मेला!"

ते उद्यानाचे फाटकवाले काका. अकरा वर्षं बाबा त्यांच्याबरोबर वीस-वीस मिनिटं चहा प्यायले होते. बाबांनी आवाज खाली आणला आणि विचारलं, "ती जुनी वाट. वर एक कुटी होती म्हणे. आहे का अजून?"

आम्ही तिघं हलत नव्हतो. बाबा नुसते "हं" म्हणत होते. "हं. ... हं. ... असं होय? ... हं." दादाने त्यांच्या तोंडाकडे बघत हातानेच विचारलं, काय? बाबांनी हाताने सांगितलं, थांब.

"आहे," शेवटी ते फोनवर हात ठेवून म्हणाले. "छप्पर एका कोपऱ्यात गळतं. म्हणतो, त्या कोपऱ्यात पोराला झोपवा."

"कोणत्या पोराला?" दादा म्हणाला.

"चौघं मावतात. विहीर जवळ आहे. वाटेत एक झाड आडवं पडलंय, वरून चढायचं नाही, डाव्या हाताने जायचं." मग परत फोनमध्ये: "अरे हो, मीच येतोय. ... मीच! ... आत, हो. ... नाही, गाडी घेऊन नाही, पायांनी." आणि मग ते बराच वेळ नुसते हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत.

जुना अर्ज मी फाडला. नव्यात मुक्काम या रकान्यात लिहिलं, "वनकुटी, दोन रात्री." या वेळी माझं अक्षर काही सुंदर आलं नाही. पण आकडे मी दोनदा तपासले, मग दादाने, मग बाबांनी बोटाने. शेवटी मी कागद आईसमोर नेला.

"आई, जोडणी बघतेस?"

तिने बघितली. मग सुईत लाल दोरा ओवला आणि बटर पेपरवर, वाटेच्या रेघेवरून, लांब लांब टाके घालत धावदोरा घातला, जुन्या फाटकापासून तळ्यापर्यंत. चिकटपट्टीच्या जागी दोन टाके जास्त घेतले. "आता फाटणार नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "आई, काल मी जे बोलले..." तर ती म्हणाली, "दोरा तोड," म्हणून मी तोडला.

शुक्रवारी पावणेचारला शिक्का बसला.

जुन्या फाटकाशी गाडी थांबवायला तो पोरगा ड्रायव्हर तयारच नव्हता, इथे थांबा नाही म्हणाला. मग त्याने आरशात बाबांना बघितलं आणि गाडी अशी हळू लावली की जणू परीक्षाच चालू आहे. उतरताना बाबा त्याला म्हणाले, "वळणावर हॉर्न दे रे." एवढंच.

पहिला दिवस बाबांनी काठी टेकत, दर रेषेला थांबत काढला. हो, दर रेषेला! नकाशा त्यांच्याच हातात होता. "ही दुसरी ना गं?" "हो, त्या ओढ्यापाशी." "मग आता ओढ्याशी पाच मिनिटं विश्रांती." तिसऱ्या रेषेनंतर ते रेषेची वाट न बघता दर वळणाला टेकायला लागले. आईने त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून दादाच्या गळ्यात घातली. आडव्या झाडाच्या डाव्या हाताने गेलो. आणि वळण घेतलं तर समोर तो काळा चौकोन, खराखुरा, दार असलेला, नकाशात होता अगदी तिथेच. मी त्याच्या भिंतीला मिठी मारली. दादा म्हणतो मी असं काही केलं नाही. त्याचं ऐकू नका. तो गळक्या कोपऱ्यात झोपला होता.

दुसऱ्या दिवशी सामान कुटीतच ठेवून आम्ही निघालो. ज्या ठिकाणी जुना कागद संपून नवा सुरू होतो तिथे, खरं तर, काहीच नव्हतं. थोडं गवत होतं. मी तिथे उडी मारली. पुढे चार रेषा, वीस-वीसच्या. शेवटची जवळ आली तेव्हा आम्ही तिघं, न ठरवता, मागे रेंगाळलो. मी बुटात खडा गेल्याचं नाटक केलं. बाबा पुढे गेले, काठी, पाय, काठी, पाय, आणि वर पोचून थांबले.

आम्ही गेलो तेव्हाही ते तसेच उभे होते.

दादाला राहवलं नाही. "मग? काय हो, तळं कसं आहे?"

अकरा वर्षं जमवलेली सगळी उत्तरं बाबांकडे होती, हिरवं, काळं, गार, मासा. मला वाटलं आता ते त्यातलं एखादं निवडतील.

पण ते एकदम दचकले आणि मागे वळले. "अरे! सामानापाशी कोण आहे?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"कोणीच नाही," आई म्हणाली.

बाबांनी एकदा खाली, कुटीच्या दिशेला बघितलं. "बरं," ते म्हणाले, आणि पाण्याच्या अगदी काठावर जाऊन बूट काढायला एका दगडावर बसले. बसताना गुडघा कटकन वाजला, आम्हा चौघांनाही ऐकू आला.

"तिसरा," बाबा म्हणाले. "त्यालाही बघायचंय." आणि त्यांनी पाय पाण्यात सोडले.